कर्करोगनिदान व समायोजन

कर्करोग झाल्याचे निदान कळल्यानंतर रुग्णाने व त्याच्या कुटुंबीयांनी ती वार्ता पचविणे, उपचारांविषयी निर्णय घेणे आणि बदललेल्या परिस्थितीत नित्याचे जीवन चालू ठेवणे, ह्या प्रक्रियेस समायोजन म्हणतात. भीती, दुःख, संताप व आशा ह्या मनाच्या प्रतिक्रिया हा तिचा एक भाग. प्रवास, निवारा, वेतन, नोकरी, घरकाम व मुलांचे संगोपन ह्यांची व्यवस्था हा दुसरा. दुसरा भाग पुष्कळदा गौण समजला जातो आणि रुग्णास केवळ ‘धीर धरा’ असे सांगण्यात येते. वस्तुतः आपल्याला काय झाले आहे, उपचार किती दिवस चालणार आणि तोवर घर कसे चालणार, ह्या तीन प्रश्नांची खरी उत्तरे हाती असतील, तर धीर धरणे बऱ्याच रुग्णांना साधते. ती नसतील तर उपदेशाचा फारसा उपयोग होत नाही.

कर्करोगावर परिणामकारक उपचार नव्हते, त्या काळी हा प्रश्न मुख्यतः मृत्यूच्या स्वीकाराचा होता. मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले, तेव्हा शस्त्रक्रिया व प्रारण चिकित्सा (किरणोपचार) हेच मुख्य उपाय होते. रासायनी चिकित्सा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘केमो’, नंतरच्या दशकांत रूढ झाली. आता अनेक प्रकारचे कर्करोग लवकर ओळखल्यास बरे होतात व इतर कित्येक प्रकारांत रुग्ण वर्षानुवर्षे जगतो. त्यामुळे निदान हा बहुतेकांच्या बाबतीत शेवट न राहता एका दीर्घ कालखंडाचा आरंभ ठरला आहे. भारतात २०२२ साली सु. १४ लक्ष नवे रुग्ण आढळल्याचा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे ही वार्ता दरवर्षी तितक्या घरांत जाऊन पोहोचते. [⟶ कर्करोग].

निदानाची वार्ता व प्रथम प्रतिक्रिया : निदानाआधीचा काळही कमी कष्टाचा नसतो. गाठीचा किंवा व्रणाचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे (जीवोतक परीक्षा) आणि तिचा अहवाल येणे ह्यांमध्ये काही दिवस जातात. हे दिवस सर्वांत कठीण गेले, असे अनेक रुग्ण पुढे सांगतात. अहवाल सांगितला जातो त्या क्षणी बहुधा बधिरता येते. ‘कॅन्सर’ हा शब्द कानी पडल्यानंतर डॉक्टर जे बोलतात, त्यातील बराचसा भाग रुग्णाच्या स्मरणात राहत नाही. रुग्णाची आकलनशक्ती कमी असल्याचे हे लक्षण नव्हे. तीव्र भावनेच्या भरात स्मृती अशीच वागते. ह्यामुळे उपचारांची चर्चा दुसऱ्या भेटीत पुन्हा करणे, बरोबर एखादा विश्वासू नातेवाईक असणे आणि मुद्दे कागदावर लिहून घेणे इष्ट ठरते. पहिले एकदोन आठवडे झोप न लागणे, अन्नावरची वासना उडणे, कामात लक्ष न लागणे आणि ‘अहवाल बदलला तर नसेल ना’ अशी शंका येणे हे सर्वसामान्य आहे. काही आठवड्यांत, विशेषतः उपचारांचा आराखडा ठरल्यावर, ही अवस्था निवळू लागते.

तरीही पहिले दिवस दुर्लक्ष करण्याजोगे नसतात. स्वीडनमधील तीस वर्षांवरील सु. ६० लक्ष लोकांच्या १९९१–२००६ ह्या काळातील नोंदींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्करोग नसलेल्यांच्या तुलनेने निदानानंतरच्या पहिल्या आठवड्यात आत्महत्येचे प्रमाण सु. साडेबारा पट व हृद्‌रोगाने मृत्यू येण्याचे प्रमाण सु. साडेपाच पट आढळले. आत्महत्येची प्रत्यक्ष संख्या लहान होती व वाढलेला धोका पुढे झपाट्याने कमी होत गेला. परंतु वार्ता कळल्यानंतर रुग्णास एकटे घरी पाठवू नये, ह्या जुन्या व्यवहारज्ञानाला त्यातून आधार मिळतो.

एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस ह्या मानसोपचारतज्ज्ञ महिलेने १९६९ मध्ये मरणोन्मुख रुग्णांच्या मुलाखतींवरून नकार, संताप, घासाघीस, विषण्णता व स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. त्यांना मोठी प्रसिद्धी मिळाली. मात्र प्रत्येक रुग्ण ह्या पायऱ्या क्रमाने चढतो, असे नंतरच्या निरीक्षणांत आढळले नाही. एकाच दिवसात सकाळी स्वीकार व रात्री नकार असे घडू शकते. रुग्ण ‘अजून स्वीकारत नाही’ म्हणून त्याला दोष देणे हा त्या मांडणीचा विपर्यास होय.

सांगावे की न सांगावे : महाराष्ट्रातील कुटुंबांत निदानाची वार्ता बहुधा आधी नातेवाइकांना कळते. मुलगा, जावई किंवा दीर अहवाल घेऊन येतो, डॉक्टरांना बाजूला भेटतो आणि ‘त्यांना काही सांगू नका, त्या खचतील’ अशी विनंती करतो. मग ‘साधी गाठ आहे’, ‘अल्सर आहे’, ‘थोडे शेक द्यायचे आहेत’ असे सांगून उपचार सुरू होतात. कागदपत्रांची पिशवी रुग्णाच्या हाती लागू दिली जात नाही. ह्यामागे कपट नसते. वडीलधाऱ्या किंवा दुबळ्या माणसाचा भार आपण उचलावा, ही कुटुंबधर्माची कल्पना त्यामागे असते, आणि तिचा उपहास करणे योग्य नाही.

परंतु ही गुप्तता क्वचितच टिकते. मराठी बोलण्यात ‘टाटाला नेले’ एवढ्या शब्दांतच रोगाचे नाव येऊन जाते. प्रारण चिकित्सेच्या प्रतीक्षालयात शेजारी बसलेला रुग्ण उरलेले सांगून टाकतो. रुग्णाला कळलेले असते, आपल्याला कळले आहे हे तो घरच्यांना कळू देत नाही, आणि दोन्ही बाजू एकमेकांना जपण्यासाठी गप्प राहतात. ह्या मौनात रुग्ण सर्वांत एकाकी पडतो. शिवाय मालमत्तेची व्यवस्था, मुलीचे लग्न, देणे-घेणे ह्यांसारखे त्याने स्वतः घ्यावयाचे निर्णय राहून जातात. आणि ‘साध्या गाठी’साठी इतके त्रासदायक उपचार का घ्यावेत, असे वाटून तो ते अर्ध्यावर सोडण्याचाही संभव असतो.

ही पद्धत केवळ भारतीय आहे, असाही समज आहे. तो खरा नाही. अमेरिकेत १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सु. ९०% डॉक्टरांनी रुग्णास कर्करोगाचे निदान न सांगणे पसंत केले होते. तीच प्रश्नावली वापरून केलेली दुसरी पाहणी १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत ९७% डॉक्टर निदान सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत वैद्यकीय व्यवहार असा पूर्ण उलटला. सुधारलेले उपचार व रुग्णाच्या हक्कांविषयीची जाणीव ही ह्या बदलाची मुख्य कारणे मानतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात उपचारांस दिलेली संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली असली पाहिजे, असा निर्णय दिला. रोगाचे नावच न कळलेला प्रौढ रुग्ण अशी संमती देऊ शकेल, हे संभवत नाही.

असे असले, तरी सर्व काही एका दमात सांगून मोकळे होणे म्हणजेही सत्यकथन नव्हे. २००० मध्ये अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांनी वाईट वार्ता सांगण्याची एक सहा टप्प्यांची पद्धत मांडली. खाजगी व शांत जागा निवडावी, रुग्णास आतापर्यंत काय वाटते ते विचारावे, त्याला किती जाणून घ्यावयाचे आहे ते विचारावे, मग सोप्या शब्दांत थोडे थोडे सांगावे, त्याच्या भावनांना वाव द्यावा आणि शेवटी पुढील उपाययोजना ठरवावी, असे तिचे स्वरूप आहे. मराठी कुटुंबाच्या दृष्टीने ह्यांतील तिसरा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘तुम्हाला सर्व स्वतः ऐकावयाचे आहे, की मुलाशी बोलू?’ असे विचारल्यास काही वृद्ध रुग्ण आपण होऊन मुलाकडे बोट दाखवितात. हा त्यांचा स्वतःचा निर्णय असतो; त्यांना न विचारता घेतलेला निर्णय वेगळा. लहान मुलांनाही वयानुरूप खरे सांगणे हितकारक असते. घरातील कुजबूज मुलांच्या लक्षात येते आणि आपल्या हट्टामुळे आई आजारी पडली, असे निष्कर्ष ती मनाशी काढतात.

समजुती व दोषभावना : निदानानंतरचे पुष्कळसे दुःख रोगापेक्षा त्याविषयीच्या समजुतींमुळे होते. कर्करोग स्पर्शाने किंवा एकत्र जेवल्याने होत नाही. गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगास कारणीभूत होणारा विषाणू संसर्गाने पसरतो हे खरे. पण प्रत्यक्ष रोग एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. असे असूनही रुग्णाचे ताट-वाटी वेगळी ठेवणे, नातवंडांना जवळ जाऊ न देणे हे प्रकार घडतात. ‘चाकू लागला की गाठ पसरते’ ही दुसरी समजूत अधिक घातक आहे, कारण तिच्यामुळे जीवोतक परीक्षा लांबणीवर पडते. नेहमीच्या जीवोतक परीक्षेने बहुसंख्य कर्करोगांत असा धोका संभवत नाही. ज्या थोड्या अवयवांत दक्षता घ्यावी लागते, तेथे शस्त्रचिकित्सक ती घेतात. परीक्षेनंतर गाठ वाढल्याचे दिसते, ते बहुधा परीक्षा फार उशिरा झालेली असल्यामुळे.

पूर्वकर्माचे फळ म्हणून रोगाकडे पाहणारे लोक आहेत, आणि त्याचीच आधुनिक आवृत्ती म्हणता येईल असा ‘मनात कुढत राहिल्यामुळे कर्करोग झाला’ हा समजही सुशिक्षितांत प्रचलित आहे. विशिष्ट स्वभावामुळे कर्करोग होतो, असे दाखविणारा भरवशाचा पुरावा नाही. तंबाखूचे मात्र तसे नाही. तिचा तोंडाच्या, घशाच्या व फुप्फुसाच्या कर्करोगाशी असलेला संबंध निःसंशय सिद्ध झालेला आहे. त्यामुळे तंबाखू किंवा मशेरीची सवय असलेल्या रुग्णास अपराधी वाटणे स्वाभाविक असते. निदानानंतर तंबाखू सोडल्यास उपचारांचा गुण वाढतो व जखमा लवकर भरतात, एवढे सांगणे उपयोगी पडते. झालेल्या गोष्टीबद्दल बोल लावीत राहणे निरुपयोगी असते.

‘झुंजार वृत्ती’ असलेले रुग्ण अधिक जगतात, असे १९७९ मध्ये इंग्लंडमधील एका छोट्या अभ्यासावरून सुचविण्यात आले व ते फार लोकप्रिय झाले. तेथेच स्तनाच्या कर्करोगाच्या ५७८ स्त्रियांवर केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात झुंजार वृत्तीमुळे आयुर्मान वाढल्याचे आढळले नाही. २००२ मधील एका साकलिक आढाव्याचा निष्कर्षही असाच होता. रुग्णांच्या दृष्टीने ह्याचा अर्थ दिलासादायक आहे. रडू आले, भीती वाटली किंवा एखादा दिवस अंथरुणातून उठावेसे वाटले नाही, म्हणून रोग बळावत नाही. सदैव हसतमुख राहण्याची सक्ती हे आणखी एक ओझे होय, आणि ते लादणारे बहुधा भेटीस येणारे आप्तेष्टच असतात. तीव्र निराशा मात्र वेगळी. तिच्यामुळे उपचार टळतात, म्हणून तिच्यावर इलाज करावा लागतो.

श्रद्धेचा आधार अनेकांना मोठा असतो. पोथीवाचन, नामस्मरण, ग्रामदैवताला बोललेला नवस, वारी ह्यांनी मनाला स्थैर्य येत असेल, तर त्यांत उपचारांच्या आड येणारे काही नाही. हानी होते ती उपचारांऐवजी झाडपाला, अंगारा किंवा ‘हमखास गुण’ देणाऱ्याची पुडी स्वीकारल्याने. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण प्रस्थापित उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट दिसून आले.

औद्योगिक पट्ट्यातील परिस्थिती : समायोजनाचा व्यावहारिक भाग किती निर्णायक असतो, हे पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड, चाकण व हिंजवडी ह्या पट्ट्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना निघाला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने पुढे भोसरी-चिंचवड व नंतर चाकण येथे औद्योगिक वसाहती वसविल्या. मुळशी तालुक्यातील हिंजवडी ह्या शेतीप्रधान गावाच्या शिवारात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले. परिणामी थोड्या मैलांच्या परिसरात तीन निरनिराळ्या प्रकारचे लोक राहू लागले : जमिनी गेलेले किंवा विकलेले मूळचे ग्रामस्थ, यंत्रशाळांत काम करणारे कायम व कंत्राटी कामगार, आणि संगणकाच्या कार्यालयांतील तरुण नोकरदार.

ह्या तिघांना एकच रोग झाला, तरी निदानानंतरची त्यांची स्थिती एकसारखी नसते. मूळ ग्रामस्थाला घर असते, भावकी असते, डबा पोहोचविणारे हात असतात. त्याची अडचण बहुधा गुप्ततेची व उशिराची असते. मराठवाडा, विदर्भ, खानदेश किंवा परप्रांतांतून आलेला कामगार भाड्याच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. रासायनी चिकित्सेनंतर रक्तातील पांढऱ्या कोशिका घटतात व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अशा वेळी स्वतंत्र न्हाणीघर, उकळलेले पाणी व ताजे अन्न लागते. सामायिक खोलीत ते मिळणे कठीण जाते. तरुण नोकरदाराकडे सामान्यतः गटविमा असतो, परंतु तो नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की संरक्षणही सुटते. म्हणून आजारपणात नोकरी सोडण्यापूर्वी, अथवा सोडण्यास सांगितले गेल्यास, विम्याची मुदत व व्यक्तिगत विम्यात रूपांतर करण्याची सोय ह्यांची चौकशी करणे निकडीचे असते. तरुण वयातील रुग्णांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उपचार सुरू होण्याआधीच विचारावी लागते. काही औषधांनी व प्रारणाने प्रजननक्षमता नष्ट होते. पुरुषाचे शुक्र किंवा स्त्रीची अंडी आधी गोठवून ठेवता येतात. संकोचामुळे हा विषय डॉक्टर व रुग्ण दोघेही टाळतात आणि नंतर वेळ निघून गेलेली असते.

कारखान्यातील कामगारास कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार आहे. १९४८ च्या अधिनियमाने सुरू झालेली ही योजना २०१७ पासून दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना लागू करण्यात आली. तीत आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७०% भत्ता मिळतो. ३४ विवक्षित दीर्घकालीन आजारांत, ज्यांत कर्करोग येतो, त्यापुढे ८०% दराने जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत विस्तारित लाभ मिळू शकतो. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी व ठरावीक दिवसांची वर्गणी लागते. ही अट कंत्राटी कामगाराला अडते, कारण ठेकेदार बदलला की त्याची नोंद तुटण्याचा संभव असतो. वर्गणी भरल्याच्या नोंदी व विमा क्रमांक जपून ठेवणे हे कामगाराच्या दृष्टीने औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. दुर्दैवाने ही माहिती त्याला बहुधा रजा संपल्यावर मिळते.

विमा नसलेल्यांसाठी राज्य शासनाची योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे सर्व राज्याला लागू झाली व २०१७ पासून महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तीत संलग्न रुग्णालयांतील कर्करोगावरच्या शस्त्रक्रिया, प्रारण व रासायनी चिकित्सा समाविष्ट आहेत. निदान होईपर्यंतच्या चाचण्या आणि बुडालेली मजुरी ह्यांचा भार मात्र मुख्यतः कुटुंबावरच पडतो. रेल्वेने उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णास शयनयानाचे भाडे पूर्ण माफ असते व सोबतीसही मोठी सवलत असते.

उपचार कोठे घ्यावेत, हा ह्या पट्ट्यातील रुग्णांपुढचा पहिला मोठा निर्णय असतो. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय दीडशे किलोमीटरांच्या आत आहे व तेथील उपचारांचा दर्जा निर्विवाद आहे. परंतु प्रारण चिकित्सा आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे कित्येक आठवडे चालते, म्हणजे मुंबईत राहण्याची सोय लागते. दादर येथील गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा रुग्णांना दीर्घकाळ आसरा देत आली आहे. बालरुग्णांच्या कुटुंबांसाठी २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड ही संस्था निवासाची विनामूल्य व्यवस्था करते. निदान व उपचारांचा आराखडा मोठ्या केंद्रात ठरवून घ्यावयाचा आणि प्रत्यक्ष उपचार सेवा करणारे माणूस जेथे असेल तेथे घ्यावयाचे, हा मार्ग पुष्कळांना सोयीचा पडतो. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, नागपूरचे राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय ह्यांमुळे मूळ गावाकडे परतणाऱ्या कामगारांना ही सोय आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालकाने देशातील केंद्रांच्या उपचारपद्धतींत एकवाक्यता आणण्याचा प्रयत्न केला असल्याने ‘मुंबई सोडली म्हणजे उपचार सोडले’ असे आता म्हणता येत नाही.

बार्शी परिसराचा अनुभव आणखी एका कारणाने उल्लेखनीय आहे. तेथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. गावोगाव हिंडणाऱ्या नोंदणी कार्यकर्त्यांनी लोकांशी रोगाच्या लक्षणांविषयी बोलण्यास प्रारंभ केला. त्यानंतर गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत रुग्णालयात येऊ लागल्याचे आढळले. कोणतेही महाग यंत्र न वापरता, रोगाचे नाव उघडपणे उच्चारल्याने झालेला हा बदल आहे.

सार्वजनिक जीवनातील व्यक्तींनी आपला रोग जाहीर केल्यानेही असाच परिणाम होतो. शरद पवार ह्यांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास तोंडाच्या कर्करोगाचे निदान झाले. शस्त्रक्रिया व प्रारण चिकित्सेनंतर ते केंद्रीय मंत्री म्हणून काम करीत राहिले आणि तंबाखू-सुपारीच्या सवयीबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त करीत आले. अभिनेत्री सोनाली बेंद्रे ह्यांनी २०१८ मध्ये आपल्या रोगाची वार्ता स्वतः प्रसिद्ध केली व केस गेलेल्या अवस्थेतील छायाचित्रेही लपविली नाहीत. अशा उदाहरणांनी सामान्य रुग्णाचे प्रश्न सुटत नाहीत, कारण परदेशी उपचार किंवा रिकामे ठेवता येणारे पद त्याच्याजवळ नसते. पण रोगाचे नाव घेण्याची लाज कमी होते.

स्त्री रुग्ण : आजारी पुरुषाची शुश्रूषा पत्नी करते, आजारी पत्नीची शुश्रूषा करण्यास बहुधा माहेरहून आई किंवा बहीण येते. ही न आल्यास स्त्री उपचारांच्या काळातही स्वयंपाक व पाणी भरणे चालू ठेवते. ‘मुलांच्या परीक्षा होऊ देत’, ‘दिवाळी झाल्यावर पाहू’ असे म्हणत तपासणी पुढे ढकलणे हेही तिच्याच बाबतीत अधिक घडते. स्तन काढून टाकल्यानंतर किंवा केस गळाल्यानंतर स्त्रीला आपल्या रूपाविषयी व पतीच्या भावनेविषयी जी चिंता वाटते, ती क्षुल्लक मानू नये. केस उपचारांनंतर बहुधा पुन्हा येतात. अनेक रुग्णांत स्तन राखून केवळ गाठ काढता येते. तसे शक्य आहे का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे. पतीला सल्लामसलतीच्या वेळी बोलावून घेणे उपयुक्त ठरते. संकोचापोटी दूर राहणाऱ्या नवऱ्याच्या वागण्याचा अर्थ तिटकारा असा लावला जातो व दोघांतील अंतर विनाकारण वाढते.

मनोविकार व साहाय्य : दुःख सर्वांनाच होते; उपचार लागण्याइतका अवसाद मात्र काहींनाच होतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व अनेक देशांतील पाहण्या एकत्र करणाऱ्या अभ्यासानुसार कर्करोगाच्या रुग्णांत त्याचे प्रमाण सु. १६% आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच रस न वाटणे, स्वतःला निरुपयोगी समजणे, उपचार नाकारणे किंवा मरणाविषयी वारंवार बोलणे ही लक्षणे आढळल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. औषधांनी व संभाषणोपचारांनी हा विकार बरा होतो. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेमार्फत १४४१६ ह्या क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्ला मिळतो. कर्करोग व मन ह्यांच्या संबंधांचे स्वतंत्र शास्त्र न्यूयॉर्क येथे १९७७ पासून जिमी हॉलंड ह्या महिला मानसोपचारतज्ज्ञाच्या कार्यातून विकसित झाले. ताप मोजावा त्याप्रमाणे रुग्णाची मनोव्यथा शून्य ते दहा अशा मापनश्रेणीवर त्याच्याकडूनच नोंदवून घेण्याची साधी रीत त्यातूनच निघाली. चार किंवा त्याहून अधिक अंक आल्यास अधिक चौकशी करतात. गर्दीच्या रुग्णालयातही परिचारिकेला हे दोन मिनिटांत करता येते.

त्याच रोगातून गेलेल्या व्यक्तीची भेट रुग्णाला विशेष आधार देते. मुंबईत भारतीय कर्करोग संस्था (स्थापना १९५१), कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन (१९६९) व व्ही केअर (१९९४) ह्या संस्थांनी अशा साहाय्याची परंपरा निर्माण केली. गटचर्चेने आयुष्य वाढते, असा १९८९ मधील एका अमेरिकन अभ्यासाचा दावा होता. कॅनडातील २००१ च्या मोठ्या अभ्यासात आयुर्मान वाढले नाही, परंतु अधिक व्यथित स्त्रियांची मनःस्थिती सुधारली व त्यांना वेदना कमी जाणवल्या.

उपचारानंतरचा काळ व उपशामक चिकित्सा : उपचार संपले म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने आजार संपतो, रुग्णाच्या दृष्टीने एक निराळी भीती सुरू होते. प्रत्येक खोकला, प्रत्येक पाठदुखी रोग उलटल्याची खूण वाटते आणि तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. ही भीती सामान्यतः वर्षागणिक कमी होत जाते. थकवा मात्र कित्येक महिने टिकतो. यंत्रावर उभे राहून काम करणाऱ्यास किंवा रात्रपाळी असणाऱ्यास काही काळ हलके काम मिळणे आवश्यक असते. काखेतील लसीका ग्रंथी काढलेल्या स्त्रीचा हात सुजण्याचा संभव असल्याने तिला त्या हाताने सतत ओझी उचलावी लागणार नाहीत हे पाहावे. माहिती तंत्रज्ञानाच्या कार्यालयांत घरून काम करण्याची सवड मिळू शकते. कारखान्याच्या जोडणीपट्ट्यावर ती मिळत नाही.

रोग बरा होण्यापलीकडे गेला असेल, तर ‘आता काही करण्यासारखे नाही’ हे वाक्य रुग्णास सर्वांत अधिक दुखावते. शिवाय ते खोटेही असते. वेदना, दम लागणे, उलट्या व दुर्गंधी येणाऱ्या जखमा ह्यांवर उपाय आहेत. तीव्र वेदनेवर मॉर्फीन हे मुख्य औषध आहे. वैद्यकीय देखरेखीखाली वेदनेसाठी दिल्यास त्याचे व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ही अडचण काही अंशी दूर झाली. अशी चिकित्सा केवळ अखेरच्या दिवसांसाठी नसते. फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या रुग्णांना ती निदानापासूनच नेहमीच्या उपचारांबरोबर दिल्यास त्यांचे जीवन अधिक सुसह्य होते, असे अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. ते रुग्ण इतरांपेक्षा सरासरीने सु. पावणेतीन महिने अधिक जगलेही.

मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले शुश्रूषागृह ह्या कार्यासाठी निघाले. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्ला उपशामक चिकित्सा केंद्र रुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करते. हिंजवडीहून तेथे मुंबई-बंगलोर महामार्गाने जाता येते. कुटुंबातील एकाला रुग्णाबरोबर तेथे राहता येते व त्याला औषधे देणे, जखम धुणे, कूस बदलणे शिकविले जाते. बरेच रुग्ण वेदना आटोक्यात आल्यानंतर घरी परततात.